संत ऑगस्टीन : श्रद्धेपासून पश्चात्तापापर्यंतची वाट

दरवर्षी २७ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत मोनिका यांचा आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्ट रोजी, त्यांचे पुत्र संत ऑगस्टीन यांचा सण साजरा करते. आईचे अश्रू आणि मुलाचे परिवर्तन ही कथा आपल्या धर्मग्रामांतून इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्यात नवे काही उरले नसावे असे वाटते. परंतु सर्वसाधारणपणे ती ज्या पद्धतीने सांगितली जाते, त्यात एक महत्त्वाची गोष्ट निसटते. वाया गेलेला एक तरुण होता, त्याची देवावर श्रद्धा नव्हती, एके दिवशी ती बसली आणि तो संत झाला, असे आपण थोडक्यात सांगून मोकळे होतो. घडले ते याहून वेगळे आणि आपल्या अधिक जवळचे आहे. ज्या दिवशी ऑगस्टीन बागेत रडला, त्या दिवशी त्याला श्रद्धेचे तत्त्व पटायचे राहिले नव्हते. ते त्याला पटून काही महिने झाले होते. उरला होता तो पश्चात्ताप.

प्रभू येशूने आपल्या कार्याच्या आरंभीच पश्चात्ताप आणि शुभवर्तमानावरील विश्वास या दोन्ही गोष्टींची एकाच दमात मागणी केली, असे संत मार्क सांगतात. या दोहोंचे नाते काय, आधी कोणते आणि नंतर कोणते, एकावाचून दुसरे तारणास पुरेसे आहे काय, हे प्रश्न तेव्हापासून ख्रिस्तसभेत विचारले जात आहेत. संत ऑगस्टीन यांनी या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले. पण त्यांचे लिखाण समजण्यासाठी आधी त्यांचे जीवन पाहावे लागते.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरिया देशातील सूक अहरास हे ते ठिकाण. वडील पॅट्रिशियस मूर्तिपूजक, स्वभावाने तापट. आई मोनिका श्रद्धावंत ख्रिस्ती. जन्मानंतर बालकावर क्रूसाची खूण करण्यात आली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जिभेवर मीठ ठेवण्यात आले आणि त्याची गणना दीक्षार्थींमध्ये झाली. बाप्तिस्मा मात्र झाला नाही. पुढे लहानपणी पोटाच्या विकाराने तो अगदी मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला. आईने धावपळ करून तयारी केली. इतक्यात त्याला बरे वाटू लागले आणि बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला. तरुणपणी हातून पापे होणारच, बाप्तिस्म्यानंतर केलेल्या पापांचा दोष अधिक, तेव्हा ती वर्षे सरू द्यावीत, असा तेव्हाचा विचार होता. मोनिकासारख्या मातेनेही तो मान्य केला. पुढे बिशप झाल्यावर ऑगस्टीन यांनी या प्रथेवर कडक टीका केली. आजारी माणसाचे शरीर बरे होण्यापूर्वी त्याला आणखी जखमा होऊ द्याव्यात असे कोणी म्हणत नाही. मग आत्म्याच्या बाबतीत तसे का म्हणावे, असा त्यांचा सवाल होता. श्रद्धा आज आणि पश्चात्ताप उद्या ही विभागणी त्यांच्या आयुष्यात अशी बालपणीच शिरली होती, आणि ती घरच्या माणसांनी प्रेमापोटीच शिरू दिली होती.

सोळाव्या वर्षी पैशांअभावी शिक्षण थांबले आणि मुलगा घरी रिकामा बसला. त्या वर्षी मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडावरील नाशपाती चोरल्या. भूक नव्हती, फळेही चांगली नव्हती. थोडी चाखून बाकीची डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी पुढे अनेक पाने लिहिली, याचे वाचकांना नवल वाटते. पण बिशप ऑगस्टीन यांना त्या चोरीत जे दिसले ते किरकोळ नव्हते. काही मिळवण्यासाठी केलेले पाप समजण्याजोगे असते. हे पाप केवळ पाप म्हणून आवडले होते, आणि सोबत मित्र नसते तर ते झालेही नसते.

नंतर गावातील रोमॅनियानस नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या मदतीने तो कार्थेजला गेला. तेथे एका स्त्रीबरोबर तो विवाहाविना राहू लागला आणि त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव आदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याला सत्याची तहान लागली. त्याने बायबल उघडले, पण त्या काळच्या लॅटिन भाषांतराची साधी भाषा या वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याला गावंढळ वाटली. मग तो मानी पंथात गेला आणि सुमारे नऊ वर्षे तेथे श्रोता म्हणून राहिला.

मानी हा तिसऱ्या शतकातील पर्शियन धर्मसंस्थापक. प्रकाश आणि अंधार या दोन शक्ती अनादिकाळापासून झगडत आहेत आणि माणसातही त्या दोन्ही आहेत, असे त्याचे शिकवणे. त्यात ऑगस्टीनला सर्वांत सुखावणारी गोष्ट कोणती होती, हे त्यांनी नंतर प्रांजळपणे सांगितले आहे. या मतानुसार पाप मी करत नाही, माझ्यातील दुसरी कोणती तरी प्रकृती करते. त्यामुळे काही चुकीचे घडले तरी त्याची कबुली देण्याची गरज उरत नाही. धर्म होता, उपासना होती, ख्रिस्ताचे नावही घेतले जात होते. पश्चात्तापाला मात्र जागा नव्हती. कुमसार ऐकण्यास बसणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला हा विचार ओळखीचा वाटेल. आज मानीचे नाव कोणी घेत नाही. परिस्थिती, स्वभाव, ग्रहमान, घरचे वातावरण ही नावे घेतली जातात.

याच काळात तागास्ते येथे त्याचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध पडला आणि त्या अवस्थेतच घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा देवविला. मित्र शुद्धीवर येताच ऑगस्टीन त्या बाप्तिस्म्याची थट्टा करू लागला. आपल्याबरोबर मित्रही हसेल अशी त्याची खात्री होती. मित्राने त्याच्याकडे शत्रूकडे पाहावे तसे पाहिले आणि मैत्री टिकवायची असेल तर असे बोलू नकोस म्हणून बजावले. काही दिवसांनी ताप उलटला आणि मित्र वारला. ऑगस्टीनला ते गाव नकोसे झाले आणि तो पुन्हा कार्थेजला गेला.

मानी पंथाचा विद्वान गुरू फाउस्तुस याची भेट झाल्यावर त्याची निराशा झाली. बोलण्यात गोडवा होता, प्रश्नांना उत्तरे नव्हती. ३८३ साली आईला फसवून, ती संत सिप्रियन यांच्या स्मृतिमंदिरात रात्री प्रार्थना करीत असताना, त्याने रोमचे जहाज पकडले. पुढच्या वर्षी मिलान येथे वक्तृत्वाच्या अध्यापकाची सरकारी जागा मिळाली. मिलान ही तेव्हा सम्राटाची राजधानी. तेथील बिशप होते संत आम्ब्रोज. त्यांची प्रवचने ऑगस्टीन प्रथम केवळ भाषेसाठी ऐकत असे. पण भाषेबरोबर आशयही आत शिरू लागला. जुन्या करारातील ज्या भागांची तो टिंगल करी, त्यांचा आध्यात्मिक अर्थ आम्ब्रोज उलगडून दाखवीत. दरम्यान मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला येऊन पोहोचली.

येथे एक दुःखद प्रकरण येते आणि ते वगळून पुढे जाणे योग्य नाही. मुलाच्या भवितव्यासाठी चांगल्या घराण्यातील वधू पाहण्यात आली. तिचे वय लग्नाच्या कायदेशीर वयापेक्षा दोन वर्षांनी कमी होते, म्हणून थांबणे भाग होते. पंधराएक वर्षे ज्या स्त्रीबरोबर संसार केला, जिच्यापासून मूल झाले, तिला आफ्रिकेला परत धाडण्यात आले. पुन्हा कोणत्याही पुरुषाकडे जाणार नाही अशी देवाला शपथ वाहून ती गेली. मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीनला तेवढीही वाट पाहवेना, त्याने मधल्या काळासाठी दुसरी स्त्री ठेवली. त्या पहिल्या स्त्रीचे नाव त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. काही अभ्यासकांच्या मते तिची अब्रू राखण्यासाठी ते गाळले असावे. एवढे मात्र खरे की त्या वेळी देवापुढे सरळ वागलेली व्यक्ती तीच होती, आणि हे ऑगस्टीन यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले आहे.

३८६ साली प्लेटोच्या परंपरेतील काही ग्रंथ त्याच्या हाती आले. देव हा जड पदार्थ नाही, वाईट म्हणजे स्वतंत्र शक्ती नसून चांगल्याचा अभाव आहे, हे त्याला उमजले आणि मानी पंथाचा उरलासुरला पगडा गेला. मग त्याने संत पौलांची पत्रे वाचायला घेतली. उन्हाळ्यापर्यंत ख्रिस्त हाच मार्ग आहे आणि ख्रिस्तसभा जे शिकवते ते सत्य आहे, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नव्हती. पण आयुष्यात फरक काय पडला? काही नाही. तारुण्यात तो देवाकडे शुद्धतेचे दान मागे आणि ते एवढ्यात नको असेही मनात म्हणे; ती स्थिती अजून तशीच होती.

सल्ल्यासाठी तो सिम्प्लिशियन या वृद्ध धर्मगुरूंकडे गेला. त्यांनी त्याला वादविवादात न ओढता एक गोष्ट सांगितली. मारियुस व्हिक्टोरिनस हा रोममधील नामांकित पंडित. नगरात त्याचा पुतळा उभारलेला. त्याने ऑगस्टीनने वाचलेल्या त्याच ग्रंथांचा लॅटिन अनुवाद केला होता. उतारवयात पवित्र शास्त्र वाचून तो खासगीत सिम्प्लिशियन यांना सांगू लागला की आपण आता ख्रिस्तीच आहोत. सिम्प्लिशियन म्हणत, तुम्हाला ख्रिस्तमंदिरात पाहीन तेव्हा मानीन. त्यावर तो हसून विचारी, भिंतींमुळे का कोणी ख्रिस्ती होतो? खरे कारण होते मूर्तिपूजक मित्रांचे भय. अखेर एके दिवशी त्याला आपल्या भित्रेपणाची लाज वाटली, त्याने बाप्तिस्म्यासाठी नाव दिले आणि भरल्या मंदिरात उंच जागी उभे राहून सर्वांसमक्ष आपली श्रद्धा प्रकट केली. ही गोष्ट ऐकताच आपणही असेच करावे म्हणून ऑगस्टीन पेटून उठला, आणि घरी येऊन पुन्हा होता तेथेच राहिला.

काही दिवसांनी पोंटिशियानस नावाचा आफ्रिकेतील एक अधिकारी भेटीस आला. खेळाच्या मेजावर त्याला पुस्तक दिसले. ती संत पौलांची पत्रे निघाल्यावर त्याला सुखद आश्चर्य वाटले. मग त्याने इजिप्तमधील संत अँथनी यांची आणि त्रिएर येथील दोन राजसेवकांची हकिकत सांगितली. फिरायला गेले असता एका झोपडीत त्यांना अँथनीचे चरित्र सापडले आणि ते वाचून दोघांनी तेथल्या तेथे नोकरी सोडून देवाला वाहून घेतले. त्या दोघांनी एका दुपारी केले ते या पंडिताला बारा वर्षांत जमले नव्हते. पाहुणा गेल्यावर ऑगस्टीन मित्र अलिपियुस याच्यासह मागील बागेत गेला.

त्या बागेतील तासाभराचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते मानवी इच्छाशक्तीविषयीचे फार सखोल लेखन आहे. त्याने केस उपटले, कपाळ बडवले, गुडघे कवटाळले. मनाने हाताला आज्ञा केली की हात हलतो. तेच मन स्वतःला आज्ञा करते तेव्हा ऐकत नाही, हे त्याला विलक्षण वाटले. मानी पंथीयांना यात दोन प्रकृती दिसल्या असत्या. आता त्याला कळले होते की हवे असणाराही मीच आणि नको असणाराही मीच. पाप माझे आहे, हे त्याने प्रथमच पूर्णपणे मान्य केले. जुन्या सवयी मागून वस्त्र ओढून आम्हाला खरेच सोडणार का असे कुजबुजत होत्या. अखेर तो अंजिराच्या झाडाखाली पडून रडू लागला. शेजारच्या घरातून एका बालकाचा, मुलाचा की मुलीचा ते कळेना, गाण्याच्या चालीवर आवाज येत होता की उचल आणि वाच. त्याने पौलांचे पुस्तक उघडले. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील अखेरचा भाग समोर आला. भोग-विलास, कलह व मत्सर टाकून प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करण्याचा बोध त्यात आहे. पुढे वाचण्याची गरज पडली नाही. अलिपियुसने त्यापुढील ओळ वाचून ती स्वतःस लागू केली आणि दोघे घरात मोनिकाकडे गेले.

या घटनेकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्याला सत्य पटले होते, तरी ते पटणे त्याला त्या जीवनातून बाहेर काढू शकले नाही. तसेच केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर सुधारण्याचा त्याचा प्रयत्नही तासभर केस उपटूनही फसला. पालट झाला तो देवाने त्याला स्वतःकडे वळवले तेव्हा. आणि त्या वळण्यात श्रद्धा व पश्चात्ताप यांना वेगळे करता येत नाही. वस्त्र उतरवणे आणि वस्त्र चढवणे ही त्या वचनातील एकाच कृतीची दोन अंगे होती.

सुटीचे वीसेक दिवस उरले होते. गाजावाजा न करता ते संपेपर्यंत त्यांनी शिकवले. मग छातीच्या दुखण्याचे कारणही होतेच, ते सांगून राजीनामा दिला. कासिशियाकुम येथील मित्राच्या मळ्यात आई, मुलगा, भाऊ व मित्रांसह राहून तयारी केली. ३८७ च्या पास्खाच्या रात्री आम्ब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अलिपियुस आणि सुमारे पंधरा वर्षांचा आदेओदातुस यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मोनिका देवाघरी गेल्या. दोनएक वर्षांनी मुलगाही गेला. ३९१ साली हिप्पो नगरातील लोकांनी ऑगस्टीन यांना चर्चमध्ये धरून जवळजवळ बळजबरीने धर्मगुरू केले. ते रडले, आणि पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांनी बिशप वालेरियुस यांच्याकडे काही काळ मागून घेतला. काही वर्षांतच ते बिशप झाले व अखेरपर्यंत त्याच लहानशा बंदराच्या गावी राहिले.

बिशप झाल्यावर काही काळाने, इ. स. ४०० च्या आसपास, त्यांनी 'कन्फेशन्स' हा तेरा भागांचा ग्रंथ लिहिला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ पापांची कबुली आणि देवाची स्तुती असा दुहेरी आहे. दहाव्या भागात तर बिशपपदावर असताना आपल्याला कोणते मोह छळतात हे त्यांनी लिहिले: जेवणातील चव, स्तोत्रांच्या अर्थापेक्षा आवाजात रमणे, लोकांच्या स्तुतीचे सुख, प्रार्थनेच्या वेळी माश्या पकडणाऱ्या पालीकडे मन जाणे. आपल्या माणसांपुढे पदस्थ धर्माधिकाऱ्याने एवढे उघडे होणे तेव्हाही सोपे नव्हते.

याच वर्षांत त्यांच्या विचारात मोठा बदल झाला. पूर्वी त्यांना वाटे की कृपा देवाची असली तरी श्रद्धेचे पहिले पाऊल माणसाचे. मिलानमधील त्याच सिम्प्लिशियन यांनी रोमकरांस पत्राविषयी प्रश्न विचारले, तेव्हा उत्तर लिहिताना त्यांना उमगले की ते पहिले पाऊलही देणगीच आहे. आपले आधीचे मत चुकले होते हे त्यांनी उतारवयात जाहीरपणे लिहून ठेवले.

४१३ साली त्यांच्यापुढे एक अतिशय व्यावहारिक प्रश्न आला. जोडीदार हयात असताना दुसऱ्याबरोबर संसार थाटलेल्या काही जणांना बाप्तिस्मा नाकारला गेला होता. काही कनवाळू ख्रिस्तीजनांचे म्हणणे असे होते की आधी श्रद्धा शिकवून बाप्तिस्मा द्यावा, आचरणाचे नंतर पाहू. ते सुधारले नाहीत तरी पाया ख्रिस्त असल्यामुळे अग्नीतून गेल्यासारखे का होईना, पण तारले जातील. ऑगस्टीन यांनी 'श्रद्धा आणि सत्कर्मे' या पुस्तकाने उत्तर दिले. संत पौल श्रद्धेने नीतिमान ठरण्याविषयी बोलतात, तेव्हा माणूस आपल्या आधीच्या पुण्याईने देवाकडे पोहोचत नाही एवढाच त्याचा अर्थ. श्रद्धेनंतर कसेही जगावे असा नव्हे. तारणारी श्रद्धा ती, जी प्रीतीने कार्य करते. नुसते मानणे तर भुतांनाही जमते, हे संत याकोब सांगून गेले आहेत. फिलिपाने इथिओपियाच्या अधिकाऱ्याला एका छोट्या कबुलीवर बाप्तिस्मा दिला, हे उदाहरण विरोधक देत. ऑगस्टीन म्हणाले की पवित्र शास्त्र तेथे थोडक्यात सांगते. ख्रिस्ताची घोषणा करणे म्हणजे ख्रिस्ताचे अवयव होणाऱ्यांनी कसे जगावे हेही सांगणे होय. स्वतः विवाहाविना संसार केलेल्या माणसाने हे लिहिले, हे विसरू नये. त्यात त्यांनी स्वतःला सवलत मागितली नव्हती.

दुसरी बाजू पेलागियुस याची. ब्रिटनमधून रोमला आलेला हा विरक्त पुरुष ढिलाईने जगणाऱ्या ख्रिस्ती लोकांना पाहून अस्वस्थ होई. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याचे बळ माणसात आहेच, मनावर घेतले की झाले, अशी त्याची शिकवण. वरवर पाहता पश्चात्तापाचा याहून उत्साही प्रचारक कोण? पण ऑगस्टीन यांना बाग आठवत होती. मनावर घेणे हेच जिथे साधत नाही, तिथे या उपदेशाचा काय उपयोग? त्यांच्या लेखी अशा शिकवणुकीमुळे बलवान गर्विष्ठ होतात आणि दुबळे निराश होतात. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियुसची मते नाकारली. आपल्याकडे प्रायश्चित्तकाळात जे निग्रह केले जातात आणि पास्खाआधीच मोडतात, त्यांच्यात या पेलागियुसचा थोडा वाटा असतो, असे मला नेहमी वाटते.

ऑगस्टीन यांचे सगळेच निर्णय आज आपल्याला पटत नाहीत. दोनातुस पंथीयांना ख्रिस्तसभेत परत आणण्यासाठी सरकारी सक्तीला त्यांनी प्रथम विरोध केला व नंतर संमती दिली. ज्याने मनाच्या वळण्याविषयी एवढे जाणले होते, त्याने कायद्याच्या दडपणावर विश्वास ठेवावा, याची खंत वाटते. त्या पंथाशी त्यांचा मूळ वाद मात्र योग्यच होता. ख्रिस्तसभा केवळ निष्कलंकांची आहे असे ते पंथीय मानत. ऑगस्टीन तिला गहू आणि निदण एकत्र वाढणारे शेत मानीत. म्हणूनच तिच्यात पश्चात्तापाची जागा कायमची आहे.

त्यांच्या विचारांचा वारसा पुढे अनेकांनी सांगितला. मार्टिन ल्यूथर हेही त्यांच्या नावाच्या संघातील व्रतस्थ होते. १५४७ साली त्रेंत येथील विश्वपरिषदेने श्रद्धा ही तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ आहे असे सांगून, कृपेच्या प्रेरणेने पापाचा तिटकारा व पश्चात्ताप तिच्या जोडीला येतात हेही सांगितले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्युथरन प्रतिनिधींनी याच विषयावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्यामागेही या आफ्रिकन बिशपचे ऋण आहे. जुन्या गोव्याला जाणाऱ्या भाविकांनी पडक्या चर्चचा तो उंच मनोरा पाहिला असेल; तो याच ऑगस्टीनियन संघाच्या मठाचा. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे हेही त्याच संघातील.

४२९ साली वांडाल टोळ्या स्पेनहून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरल्या. गावे जळाली, ख्रिस्तमंदिरे ओस पडली, आणि ४३० च्या उन्हाळ्याच्या आरंभी हिप्पोला वेढा पडला. तिसऱ्या महिन्यात पंचाहत्तर वर्षांचे बिशप तापाने आजारी झाले. त्यांचे सहकारी व चरित्रकार बिशप पोसिडियस तेव्हा नगरातच होते आणि त्यांनी पाहिलेले लिहून ठेवले आहे. ऑगस्टीन त्यांना नेहमी सांगत असत की बाप्तिस्मा झालेल्या आणि उत्तम जीवन जगलेल्या ख्रिस्ती माणसाने, अगदी धर्मगुरूनेही, योग्य पश्चात्तापाशिवाय देह सोडू नये. त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेतली आणि ती पाने पलंगाशेजारच्या भिंतीवर लावविली. पडल्या पडल्या ती वाचीत ते सतत रडत. सुमारे चाळीस वर्षे ज्यांनी कृपेचा उपदेश केला, ज्यांना लोक जिवंतपणीच संत मानीत होते, त्यांनी अखेरचे सुमारे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे यांखेरीज कोणालाही खोलीत येऊ दिले नाही. सगळा वेळ त्यांना प्रार्थनेसाठी हवा होता.

२८ ऑगस्ट ४३० रोजी बंधुजन सभोवती प्रार्थना करीत असताना त्यांचे देहावसान झाले. त्यांनी मृत्युपत्र केले नाही, कारण देवाच्या या गरीब माणसाजवळ वाटून द्यावे असे काही नव्हते. चर्चच्या ग्रंथालयातील पुस्तके काळजीपूर्वक जपावीत, एवढेच ते सांगत असत. पुढे वांडालांनी हिप्पो जाळले. ग्रंथ वाचले.